ठासणीची गोळी आणि सत्तावनचे काडतूस

सत्तावनच्या उठावाचा विषय निघाला की काडतुसांची गोष्ट निघतेच. काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली होती, ती दातांनी तोडावी लागत, आणि त्यामुळे हिंदू व मुसलमान शिपाई सारखेच बिथरले, एवढे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु मुळात काडतुसाला चरबी लावण्याचे प्रयोजन काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते त्याचे उत्तर धर्मशास्त्रात नसून बंदुकीच्या नळीत आहे. आणि ते समजून घेतल्यावाचून शिपायांचा संशय आणि सरकारची बेफिकिरी यांचा खरा अर्थ कळत नाही.

ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीच्या तोंडातून आत जाते. ती सहज उतरावी असे वाटत असेल, तर नळीहून बारीक पाहिजे. नेम लागावा असे वाटत असेल, तर नळीला घट्ट बसणारी पाहिजे. या दोन गरजांचे भांडण कित्येक पिढ्या मिटले नव्हते. इंग्रज शिपायांच्या जुन्या साध्या बंदुकीची नळी पाऊण इंच व्यासाची असे व शिशाची वाटोळी गोळी तिच्याहून सुमारे पाच शतांश इंचाने लहान. गोळी चटकन खाली उतरे खरी, पण सुटताना नळीच्या भिंतींवर आपटत जाई, आणि शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसे.

रायफलच्या नळीत आतून पेचदार चर पाडलेले असतात. गोळीने हे चर पकडले, तरच ती स्वतःभोवती फिरत सरळ जाते. म्हणून १८०० च्या सुमाराच्या बेकर रायफलमध्ये गोळी वंगण लावलेल्या चिंधीत गुंडाळून जोराने ठासावी लागे; आरंभी तर त्यासाठी शिपायांना लाकडी हातोडे दिले होते. पुढे आलेल्या ब्रन्सविक रायफलच्या गोळीला चरांत बसणारा पट्टा होता, पण थोडे बार उडाल्यावर तीही नळीत अडकू लागे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून वायू होत नाही. तो काजळी व क्षार होऊन मागे राहतो. दर बाराला नळी आतून थोडी अरुंद होत जाते.

फ्रान्समधील कॅप्टन मिनिए यांनी १८४९ मध्ये या भांडणातून वाट काढली. त्यांची गोळी लांबट, पुढे निमुळती व मागे पोकळ होती. ती नळीत सैल उतरे; पण दारू पेटली की वायूच्या दाबाने तिची मागली कड फुगे आणि चरांत घट्ट बसे. सैलपणा भरताना, घट्टपणा सुटताना. इंग्रजांनी हीच युक्ती घेऊन १८५३ ची एन्फील्ड रायफल सिद्ध केली. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे जुन्या बंदुकीहून पुष्कळच लहान. गोळीचे वजन ५३० ग्रेन व व्यास ०.५६८ इंच. दोहोंमध्ये फट राहिली ती अवघी नऊ सहस्रांश इंचाची.

ही फट भरावयाची होती कागदाने. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. तिच्या एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी तोडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, मग सुरळी उलटी करून गोळीचे टोक कागदासकट नळीच्या तोंडात बसवावयाचे, वर राहिलेला कागद फाडून टाकावयाचा आणि गजाने गोळी तळापर्यंत नेऊन टेकवावयाची. गोळी गुळगुळीत असल्यामुळे वंगण धरून ठेवावयास तिच्यावर खाच नव्हती. ते काम भोवतालच्या कागदाने करावयाचे होते. म्हणून गोळीकडचे टोक वितळलेल्या चरबीत व मेणात बुडवीत. वंगणाने कागद घसरे, मागची काजळी मऊ पडे व पुढची गोळी सुखाने उतरे. चरबी लावण्याचे प्रयोजन एवढेच होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दातांनी तोडावयाचे टोक दारूकडचे होते, चरबी होती ती दुसऱ्या टोकाला. परंतु ज्या कागदाचे एक टोक चरबीत बुडविलेले, त्याचे दुसरे टोक शुद्ध कसे मानावे? शिवाय उष्ण हवेत वंगण कागदातून पसरते आणि हाताला तर ते लागतेच. तेव्हा ‘वंगण दुसऱ्या बाजूला आहे’ हे उत्तर यंत्रशास्त्राचे झाले. आचारधर्म पाळणाऱ्या माणसाचे त्याने समाधान होण्यासारखे नव्हते.

धोक्याची सूचना मिळालीच नव्हती असेही नाही. ही काडतुसे येथील हवेत कशी टिकतात हे पाहण्यासाठी १८५३ मध्ये हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगाल सैन्याचे कर्नल टकर यांनी लिहून कळविले होते, की वंगणात आक्षेपार्ह काही नाही अशी खात्री झाल्यावाचून ती देशी पलटणींना देऊ नयेत. पुढे कलकत्त्यास काडतुसे तयार होऊ लागली, तेव्हा चरबी कोणत्या जनावराची याची चौकशी कोणी केली नाही. जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या दारूखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाला टोचून बोलल्याची गोष्ट पसरली आणि त्याच महिन्यात सरकारने, शिपायांनी स्वतः आणलेले वंगण लावावे, अशी मुभा दिली. मार्चमध्ये कवाईत बदलून दातांऐवजी हाताने कागद फाडण्यास सांगितले. परंतु तोवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. फेब्रुवारीत बऱ्हाणपूरच्या नव्हे, बंगालमधील बेहरामपूरच्या पलटणीने जुन्याच बंदुकीची काडतुसे घेण्याचे नाकारले. २४ एप्रिलला मेरठ येथे ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसाला हात लावला नाही. तीही जुन्या धर्तीचीच होती. ९ मे रोजी त्यांच्या पायांत बेड्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी मेरठ पेटले.

ही ठिणगी मराठी मुलखांपर्यंत पोचण्यास वेळ लागला नाही. १४ जूनला ग्वाल्हेरची कंटिन्जंट फौज उठली. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला व त्याच रात्री महूची छावणी बिघडली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने याच वाटेने चालले होते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये काडतुसांची वार्ता आली आहे. भिक्षुकाच्या कानापर्यंत ती गेली होती, यावरूनच तिचा वेग कळतो. संस्थाने खालसा करण्याचे धोरण, पगार व भत्ते यांची तक्रार, ही उठावाची कारणे काडतुसाहून मोठी होती, हे आम्हांस मान्य आहे. पण त्या सर्व असंतोषाला हातात धरता येईल असे रूप मिळाले ते या कागदी सुरळीत.

१८५९ मध्ये इंग्रजांनी गोळीचा व्यास ०.५५० इंचापर्यंत उतरविला व वंगणासाठी मधमाश्यांचे मेण घेतले. फट वाढली, गोळी सहज उतरू लागली, आणि नेम बिघडला नाही. पुढे १८६६ पासून मागून भरावयाच्या स्नायडर रायफली व धातूची काडतुसे आली. गोळी कारखान्यातच काडतुसाच्या तोंडात बसविली जाऊ लागली. शिपायाचे दात आणि बोटे त्या कामातून कायमची सुटली. आजही लहान व्यासाच्या रायफलीची काडतुसे हाताने भरणारे हौशी नेमबाज गोळीचे वजन, तिचा व्यास, तिने काडतुसाच्या मानेत किती खोल व किती सरळ बसावे, आणि चरांच्या आरंभापासून किती अंतर राखावे, याचा सहस्रांश इंचापर्यंत हिशेब करतात. प्रश्न जुनाच आहे, फक्त तो आता कोणाच्या धर्माला शिवत नाही.

एन्फील्डच्या कारागिरांचा हिशेब चुकीचा नव्हता. नळी, गोळी, कागद व वंगण यांचा मेळ त्यांनी उत्तम बसविला होता. मात्र गोळी भरणारा माणूस त्यांनी त्या हिशेबात धरला नाही. टकरसारख्या अधिकाऱ्याने तो धरला होता. त्याचे पत्र कोणी मनावर घेतले असते, तर चरबीऐवजी मेण आधीच आले असते. उठाव त्यामुळे टळला असता असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या हातांनी हत्यार चालवावयाचे, त्या हातांना काय चालते हे आधी विचारावे, एवढे तरी या नऊ सहस्रांश इंचांच्या फटीने राज्यकर्त्यांना शिकवावयास हवे होते.