बिनसावलीच्या दिवशी वाड्यात

13 मे, दुपारचे 12 वाजून 31 मिनिटं. पुण्यातल्या कसबा पेठेत एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर तुम्ही उभे आहात. पायाशी बघा. तुमची सावली नाही. सूर्य नेमका माथ्यावर आलाय. पुण्यात असं वर्षातून दोनदाच होतं, एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलै सरताना. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून बघायला मिळतो तो हाच दिवस. चपलेतूनही गच्ची चटके देते. या स्लॅबखाली तुमची झोपायची खोली आहे आणि रात्री अकरा वाजताही तिचं छत हाताला कोमट लागतं. गच्चीच्या मधोमध डक्टचं भोक आहे. आत डोकावलं की सांडपाण्याचे पाइप दिसतात, आणि एसींच्या खोक्यांतून वर येणारी गरम हवा तोंडावर आदळते.

डोळे मिटा. जागा हीच राहू दे, सूर्यही हाच. साल तेवढं बदला: 1790.

पाय मातीवर टेकतात. वैशाख सरत आलाय. शनिवारवाड्यात सवाई माधवराव आहेत, कारभार नाना फडणीस पाहतात. तुम्ही एका बोळात उभे आहात. दोन्ही अंगांना उंच भिंती आहेत, खालच्या मजल्याला खिडक्या जवळजवळ नाहीतच. समोर भला थोरला दरवाजा आणि त्याच्या पोटात छोटी दिंडी. मान लववून, उंबरठा ओलांडून आत या. देवडीत काळोख आहे. पहारेकरी भिंतीला टेकून पेंगतोय. चार पावलं टाकलीत की पांढऱ्याफेक उजेडाने डोळे दिपतात. हा चौक.

चौकात चिटपाखरू नाही. मधोमध तुळशीवृंदावन आहे आणि आज त्यालाही सावली नाही. दगडी फरशीवरची हवा थरथरताना दिसते. चौक घराला गार ठेवतो असं तुम्ही ऐकून असाल, आणि हा तर तव्यासारखा तापलाय. पण घाई करू नका. या वेळी चौकात कुणी उभं राहत नाही, हेच इथलं पहिलं शहाणपण. तीन पायऱ्या चढून ओसरीवर या.

आता भिंतीकडे बघा. माथ्यावरचा सूर्य भिंतींना शिवतच नाही, तो पडतो फक्त कौलांवर आणि चौकाच्या फरशीवर. पागोळीची रेघ ओसरीच्या काठाशी येऊन थांबते आणि तिच्या आत सगळी सावली आहे. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी जेमतेम 48 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा त्याची तिरपी किरणं चौक ओलांडून उत्तरेच्या ओसरीत शिरतात आणि थंडीच्या दिवसांत म्हातारी माणसं तिथेच ऊन खात बसतात. छपराची एकच कड उन्हाळ्यात ऊन अडवते आणि हिवाळ्यात आत घेते. गवंड्याला ते सूत्र कुणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं. ते त्याच्या हातात होतं.

वर बघा. सपाट मंगलोरी कौलं यायला अजून पाऊणशे वर्षं आहेत. इथे कुंभाराच्या हातची, एकात एक बसवलेली नळीची कौलं आहेत. त्यांच्या फटींतून तापलेली हवा बाहेर पडते. कौलांखाली माळा आहे आणि माळ्यावर अडगळ. ऊन छपरावर पडतं, माळा ते सोसतो आणि खालच्या खोल्यांपर्यंत थोडंच येतं.

"बाहेर का उभे? आत या, ऊन लागेल," माजघरातून एक म्हातारी हाक देते. तुम्ही आत जाता. क्षणभर काही दिसत नाही. मग समईची वात दिसते, कोनाड्यातला गडू दिसतो, शेणाने सारवलेली जमीन तळव्यांना गार लागते. म्हातारी आधी गुळाचा खडा आणि पाणी पुढे करते, मग वाळा घातलेल्या माठातलं पन्हं. कोनाड्यात हात घालून बघा, कोपरापर्यंत आत जातो. भिंत एवढी जाड आहे. दुपारची उष्णता बाहेरून आत सरकत येते, पण आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र पडलेली असते.

तेवढ्यात पाठीवर झुळूक येते. बाहेर पान हलत नाही, मग ही आली कुठून? माजघराचं मागलं दार उघडं आहे. पलीकडे परसू, तिथे आड, केळी, ओली माती आणि झाडांची दाट सावली. पुढच्या चौकातली तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा भरायला परसातली गार हवा घरातून पुढे ओढली जाते. दोन मोकळ्या जागा, एक उन्हातली आणि एक सावलीतली, आणि त्यांच्या मधोमध घर. तो तापलेला चौकच तुम्हाला वारा घालतोय.

ऊन उतरल्यावर वाडा जागा होतो. कुळंबिणी घागरी घेऊन येतात आणि चौकात सडा पडतो. फरशी चर्र करते, ओल्या दगडाचा वास सगळ्या ओसरीत भरतो. पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना दगडाची धग घेऊन जातं. हे पाणी आलंय कुठून? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधवले. तिथून जमिनीखालच्या बांधीव नळातून, नुसत्या उताराच्या जोरावर, ते शहरातल्या हौदांत येतं. नळावर जागोजागी उच्छ्वास उभारलेत, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडते. पाण्याच्या वाटेलाही श्वास लागतो, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं.

पण घागर उचलणाऱ्या हातांकडेही बघा. हा गारवा कुणाच्या तरी कमरेवरून आणि डोक्यावरून वाहून आणलेला आहे. आणि या शहरात अशी माणसं आहेत ज्यांना हौदाला हात लावायची मुभा नाही. तुम्ही उभे आहात त्या दिवसानंतर 78 वर्षांनी, 1868 मध्ये, जोतीराव फुले आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला करतील. वाड्याची आठवण काढताना हे वगळलं तर ती आठवण अर्धवट राहते.

रात्र होते. आकाशात चंद्र नाही. दिंडी बंद झाली, पण आतली सगळी दारं-खिडक्या सताड उघडी आहेत. दुपारी ओसाड पडलेल्या चौकात आता बाजा आणि वाकळी पसरल्यात. मुलं आजीला चिकटून चांदण्या मोजतायत. तुम्हीही आडवे व्हा. वर चार छपरांच्या मधे आकाशाचा एक चौकोन दिसतो. दिवसभर तापलेली फरशी आपली ऊब त्या उघड्या आकाशाला देत राहते. ऊन हवा हलकी होऊन वर जाते, गार हवा जड होऊन खाली उतरते. चौक तीन पायऱ्या खोल आहे, म्हणून ती हवा तिथे पाण्यासारखी साठते, मग काठ भरून ओसरीवर येते आणि तिथून माजघरात शिरते. रात्रभर जाड भिंती तो गारवा पीत राहतात.

हे पुण्यात जमतं, कारण इथल्या उन्हाळ्यात दिवस आणि रात्र यांत मोठं अंतर असतं. एप्रिलमधलं दुपारचं सरासरी कमाल तापमान 38 अंशांच्या आसपास आणि पहाटेचं किमान 20 च्या थोडं वर. वाडा चालतो तो या फरकावर. घामट किनाऱ्यावर, जिथे रात्रही फारशी निवत नाही, तिथे एवढ्या जाड भिंतींचा असा उपयोग झाला नसता.

पहाटे अंगावर गोधडी ओढावी लागते. पाखरं बोलायच्या आत म्हातारी उठते. "उन्हं यायच्या आत खिडक्या लोटा गं," ती सुनांना सांगते. एकेक खिडकी बंद होते आणि रात्र घरात कोंडली जाते. आता ती दुपारभर पुरवायची.

या वाड्याला गार ठेवणारी निम्मी गोष्ट दगड-विटांत होती आणि निम्मी माणसांच्या सवयीत. माणसं दिवसभर सावलीमागे सरकत होती. सकाळी ओसरी, दुपारी माजघर, संध्याकाळी पायऱ्या, रात्री चौक. कुठल्याही एका खोलीने चोवीस तास गार राहावं, असं कुणी घराकडे मागतच नव्हतं.

डोळे उघडा. तुम्ही पुन्हा गच्चीवर आहात. त्या वाड्यांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि डागडुजी परवडेना. 1961 च्या पानशेतच्या पुरात कित्येक वाडे कोसळले. उरलेल्यांत वाटण्या झाल्या, मग पुनर्विकास आला. वाड्यात परत जाऊ या, असं मी म्हणणार नाही. माजघराच्या काळोखात आणि चुलीच्या धुरात बायकांची आयुष्यं गेली. लाकूडकामाला आगीचं भय होतंच. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याचे महाल जळून गेले. ती घरं ज्यांच्या मेहनतीवर चालत, त्यांच्यातल्या फार थोड्यांना तशा घरात राहायला मिळालं.

पण त्या घरांतलं ज्ञान कुणा एका जातीचं किंवा एका काळाचं नाही. माथ्यावरचा सूर्य भिंतीला नव्हे तर छपराला लागतो, म्हणून आधी गच्चीवर सावली करा. पश्चिमेला उघडी काच लावू नका. प्रत्येक घराला समोरासमोर वारा मिळेल अशा खिडक्या मागा. रात्री उघडा, सकाळी लवकर लोटा. यातल्या शेवटच्या गोष्टीला पैसासुद्धा लागत नाही.

समोरच्या डक्टमध्ये पुन्हा एकदा डोकावा. तो त्याच चौकाचा वंशज आहे, आक्रसलेला आणि पाइपांनी भरलेला. तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा नकाशा टेबलावर पसरला जाईल, तेव्हा चटई क्षेत्राचे आकडे जरूर विचारा, पार्किंगचंही विचारा. मग नकाशाच्या मधोमध बोट ठेवा आणि वास्तुविशारदाला विचारा: या घरात रात्र कुठून येणार? त्याला उत्तर देता आलं नाही, तर सही करू नका.