एका वर्षाचे मोल : कर्करोगाची औषधे आणि इंग्लंडचा हिशेब

१/ आयुष्य किती वाढले एवढेच मोजावे, की वाढलेले दिवस कसे गेले हेही? आणि त्या दिवसांसाठी सरकारी तिजोरीने किती खर्च करावा? इंग्लंडने हा प्रश्न उघडपणे आकड्यांत मांडला. त्याचाच हा इतिहास.

२/ १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचारांचा खर्च मुख्यतः करांतून होई. पण निधीला मर्यादा होती. पुढे एकच औषध एका भागात मिळे, तर शेजारच्या भागात नाकारले जाई. ही विषमता मिटवण्यासाठी १९९९ मध्ये ‘नाइस’ ही संस्था स्थापन झाली.

३/ तिचे माप होते ‘क्वाली’. पूर्ण आरोग्यात गेलेले एक वर्ष म्हणजे १ क्वाली. आजारामुळे जगण्याची प्रत निम्म्यावर आलेले वर्ष म्हणजे ०.५. एका क्वालीमागे २०,००० ते ३०,००० पौंड ही सर्वसाधारण मर्यादा मानली गेली.

४/ ऑगस्ट २००८. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावरील सुनिटिनिबसह चार औषधांना मसुद्यात नकार मिळाला. औषधे गुणकारी आहेत, हे संस्थेला मान्य होते. परंतु लाभाच्या मानाने किंमत फार होती. रुग्ण आणि तज्ज्ञ संतापले. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे तीन महिनेही इतरांच्या तीन महिन्यांसारखेच मोजायचे का, हा मूळ वाद होता.

५/ जानेवारी २००९ मध्ये नियम बदलला. सामान्यतः दोन वर्षांहून कमी आयुष्य उरलेल्या रुग्णाला किमान तीन महिने अधिक देणाऱ्या औषधासाठी जास्त खर्च मान्य झाला. त्याच वर्षी सुनिटिनिब मंजूर झाले.

६/ २०११ मध्ये सरकारने स्वतंत्र ‘कर्करोग औषध निधी’ उभारला. ‘नाइस’ने नाकारलेली औषधेही त्यातून मिळू लागली. २०१० ते २०१६ या काळात या वाटेने सुमारे १२७ कोटी पौंड खर्च झाले.

७/ २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या निधीतील ४७ औषधोपचार तपासले. केवळ १८ उपचारांत आयुर्मान निश्चितपणे वाढल्याचा पुरावा होता; त्यांतही मध्यक वाढ ३.१ महिन्यांची. तत्पूर्वीच, २०१६ मध्ये, निधीची फेररचना होऊन तो ‘नाइस’च्या मूल्यमापनाशी जोडला गेला होता.

८/ औषध नाकारले गेलेला रुग्ण वृत्तपत्रांत दिसतो. तोच पैसा दुसरीकडे गेल्यामुळे ज्याची शस्त्रक्रिया लांबली किंवा ज्याला वेदनाशमनाची सेवा मिळाली नाही, तो कोणालाच दिसत नाही. क्वालीचे गणित निष्ठुर वाटले, तरी त्या अदृश्य रुग्णाची नोंद त्यातच होते. मात्र कोणाच्या वर्षाला किती गुण द्यायचे, हे गणित स्वतः ठरवू शकत नाही. ते समाजालाच ठरवावे लागते. म्हणूनच इंग्लंडला आपले नियम पुन्हा पुन्हा बदलावे लागले.