पाहुणा, गिऱ्हाईक आणि घुसखोर

‘आपलंच घर समजा’ असं यजमान म्हणाला की पाहुणा सैलावतो. १८५६ मध्ये इंग्लंडच्या एका न्यायालयाने मात्र हा शिष्टाचार शब्दशः घेतला. एक गृहस्थ हॉटेलमालकाकडे पाहुणे म्हणून गेले होते. निघताना त्यांनी काचेचं दार ढकललं आणि काच अंगावर कोसळली. ‘साउथकोट विरुद्ध स्टॅनली’ खटल्यात निकाल लागला: पाहुणा घरचाच; मोडकं दार घरच्यांनी सोसायचं, तसं त्यानेही. भरपाई नाही.

पुढे दहाच वर्षांत वारं फिरलं. लंडनच्या एका साखर कारखान्यात गॅसची जोडणी तपासायला आलेला कारागीर तक्तपोशीतल्या कठडा नसलेल्या भगदाडातून खाली पडला. १८६६ मध्ये तो खटला जिंकला. तो कामाने आला होता आणि त्या कामात कारखानदाराचंही हित होतं. म्हणून जो धोका भोगवटादाराला, म्हणजे जागा ताब्यात असणाऱ्याला, माहीत आहे किंवा असायला हवा, त्यापासून अशा माणसाला जपलं पाहिजे, असं न्यायमूर्ती विल्स यांनी सांगितलं.

त्यातून उतरंड रचली गेली: वर गिऱ्हाईक, मध्ये पाहुणा, तळाशी घुसखोर. जेवायला बोलावलेल्या मित्रापेक्षा सुई घ्यायला आलेला अनोळखी माणूस कायद्याला जवळचा! १९२९ मध्ये तर स्कॉटलंडच्या कोळसा खाणीच्या चाकात सापडून गेलेलं ४ वर्षांचं मूलही घुसखोर ठरलं आणि बाप रिकाम्या हाताने परतला.

इंग्लंडमध्ये १९५७ च्या कायद्याने गिऱ्हाईक आणि पाहुणा एका पंक्तीत बसवले. मुलं मोठ्यांइतकी सावध नसतात हे भोगवटादाराने धरून चालावं. कसबी कारागिराने मात्र आपल्या धंद्यातले धोके स्वतः ओळखावेत, असंही त्यात आलं. घुसखोर मात्र या कायद्याबाहेरच राहिला. मोडक्या कुंपणातून विजेच्या रुळावर गेलेल्या ६ वर्षांच्या मुलाला १९७२ मध्ये न्याय मिळाला, तोही माणुसकीच्या नावाने. घुसखोरांसाठी कायदा आला १९८४ मध्ये.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. सारं निकालांवर उभं आहे. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं मेली. इमारत सुमारे ८० वर्षांची, तिच्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. रस्त्याकडेच्या बांधकामाच्या मालकावर विशेष जबाबदारी असते, दोष दिसत नव्हता ही सबब चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला सुनावलं. मेलेल्यांत पाहुणा कोण आणि गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न तिथे उरलाच नव्हता.