ए सीडर कोव्ह ख्रिसमस
अमेरिकी लेखिका डेबी मॅकोम्बर यांची २००८ सालची प्रणय कादंबरी. वॉशिंग्टन राज्यातील पोर्ट ऑर्चर्डवर बेतलेल्या सीडर कोव्ह या काल्पनिक गावात ती घडते. नाताळच्या आदल्या दिवशी तेथे आलेल्या गरोदर, अविवाहित मेरी जोला खोली मिळत नाही. तबेल्यावरच्या घरात ती बाळंत होते. येशूजन्माच्या कथेची ही उघड पुनर्मांडणी असल्याने शेवट आधीच ठाऊक असतो, आणि म्हणून कादंबरी साचेबद्ध असल्याचा आक्षेप घेता येतो. तो खरा असला तरी अपुरा आहे. शेवट ठरलेला असल्यामुळेच वाचकाचे लक्ष परक्या स्त्रीला कोण आसरा देते याकडे वळते. ग्रंथपाल ग्रेस घर देते, अग्निशमन दलातील मॅक बाळंतपण करतो. त्यामुळे प्रेमकथेइतकाच शेजारधर्म केंद्रस्थानी येतो. गावाचा गोडवा अवास्तव वाटला, तरी नाताळकथेच्या परंपरेत तो क्षम्य ठरतो.