प्रश्न विचारणाऱ्याचे नाव

१९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले. पुढे बाबासाहेबांनी त्याला 'मिलिंद' हे नाव दिले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनाला त्याने प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि उत्तरे पटली तेव्हा ती मोकळ्या मनाने मान्य केली. परिसर झाला नागसेनवन. म्हणजे उत्तर देणाऱ्या गुरूचे नाव भूमीला आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयाला! ज्या समाजाला प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्याच्या मुलांसाठी हे नाव निवडले गेले, याचा अर्थ आपण प्राध्यापकांनी नीट समजून घेतला पाहिजे.

हा विचार एका दिवसात सुचलेला नव्हता. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला दिलेल्या लेखी निवेदनात बाबासाहेबांनी आपली भूमिका मांडली होती. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबण्यापेक्षा त्याची स्वतंत्र बुद्धी जागी करावी, मोठमोठ्या ग्रंथकारांनाही पारखून घेण्याची सवय त्याला लावावी, असे त्यांचे म्हणणे होते.

१९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. तेथे सकाळचे वर्ग भरले. कारण पोटासाठी दिवसभर नोकरी करणाऱ्या तरुणाला दुपारचा वर्ग म्हणजे बंद दरवाजाच होता. मिलिंदमध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९५५ साली त्याचा प्रयोग झाला. अस्पृश्यांच्या युगानुयुगांच्या छळाला पाठ्यपुस्तकात जागा नव्हती, तो रंगमंचावरून शिकवला गेला.

आणि आज? घराण्यातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा मुलगा शेवटच्या बाकावर गप्प बसतो. आपण टिपणे सांगतो, तो उतरवून घेतो. काही नवे करावे म्हटले की, अभ्यासक्रम राहील, निकाल घसरेल, अशी कारणे आपण पुढे करतो. खरी भीती निराळीच आहे. त्याने प्रश्न विचारला आणि आपल्याला उत्तर आले नाही तर?

'मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू' एवढे भर वर्गात म्हणायला अनुदान लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. छाती मात्र लागते. ती ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच वर्गात मिलिंद उभा राहून प्रश्न विचारील.