सहभागिता : यवतमाळ, नागपूर आणि एका जुन्या शब्दाची कसोटी

(थ्रेड)

१/ १९५३ साली यवतमाळ हे मध्य प्रदेश राज्यातील, कापसासाठी ओळखले जाणारे जिल्ह्याचे ठिकाण होते. त्या वर्षी तेथे ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ स्थापन झाली. तिच्या नावातला ‘युनियन’ हा शब्द शोभेचा नव्हता. त्यामागे एक जुना प्रश्न उभा होता : ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांची सहभागिता म्हणजे नेमके काय?

२/ नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’. ‘कोइनोस’ म्हणजे सामाईक. मराठीत त्यासाठी ‘सहभागिता’ हा शब्द रूढ झाला. त्याचा अर्थ केवळ स्नेहभाव नव्हे. यरुशलेमेतील गरिबांसाठी मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनी जमवलेल्या वर्गणीलाही पौलाने हाच शब्द वापरला.

३/ करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना कठोर शब्दांत सुनावले. या दोषाला मराठीत नेमका शब्द आहे : पंक्तिभेद.

४/ म्हणूनच महाराष्ट्रात या शब्दाला निराळी धार आली. एकाच भाकरीचा व प्याल्याचा वाटा घेणे, हे उच्चवर्णीय नवख्रिस्त्यासाठी घरच्या पंगतीतून उठणे होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी ते समान पंक्तीचा हक्क मिळणे होते. या कसोटीला प्रत्येक मंडळी उतरली, असे मात्र नाही.

५/ दुसरी भिंत मिशनांनी आणलेली. आपसांत स्पर्धा नको म्हणून त्यांनी प्रदेश वाटून घेतले. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, अकोल्याकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, नागपुरात स्कॉटिश मिशन, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन.

६/ परिणाम विलक्षण झाला. एखादे कुटुंब कोणत्या पंथाचे, हे बहुधा मतावरून नव्हे तर जिल्ह्यावरून ठरू लागले. युरोप-अमेरिकेत पडलेल्या फुटींचा वारसा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला आला. त्या फुटींशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

७/ या चौकटीला एक देशी उत्तर रेव्ह. नारायण वामन टिळकांनी दिले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि तो प्रयोग फार काळ तगला नाही.

८/ पुढचा प्रयत्न संस्थांचा होता. १९५१ मध्ये ‘इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया’ स्थापन झाली. तिच्या तर नावातच सहभागिता होती. दोनच वर्षांत यवतमाळची सेमिनरी आली. फ्री मेथडिस्टांच्या या केंद्रात आधी मराठी माध्यमाचे बायबल विद्यालय होते. आता अनेक चर्च व मिशन मिळून ते कार्य चालवू लागले.

९/ येथे कोणीही आपला पंथ सोडला नाही. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की केवळ प्रौढांना, यांसारखे मतभेद कायम राहिले. तरीही निरनिराळ्या प्रांतांतील भावी पाळक एका वर्गात शिकले, एकत्र जेवले, एकत्र प्रार्थना करू लागले. विलीनीकरणाविना सहभागिता, हे यवतमाळचे उत्तर.

१०/ सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूरने वेगळे उत्तर दिले. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्मास आले. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आदी परंपरांची एकच संघटना झाली.

११/ तेथेही सर्व जण आले नाहीत. चर्चेत दीर्घकाळ सहभागी असलेल्या ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ने ऐनवेळी अंग काढून घेतले. यवतमाळची सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीस स्थलांतरित झाली.

१२/ टिळकांनी बाप्तिस्म्याची सीमा ओलांडू पाहिली, यवतमाळने पंथांची, नागपूरने संघटनांची. जातीची सीमा मात्र कोणत्याही ठरावाने आपोआप पुसली गेली नाही. तिची परीक्षा प्रत्येक गावात, प्रत्येक लग्नसंबंधात होत राहिली. पौलाने करिंथकरांना विचारलेला प्रश्नही मुळात हाच होता : भाकर एक आहे, पण पंगत एक आहे काय?