राज्य एकच, पेट्रोलचे दर मात्र जिल्ह्यागणिक वेगळे

मध्य प्रदेशात पेट्रोलवरील मूल्यवर्धित कराचा दर सर्व जिल्ह्यांत सारखाच आहे. तरीही शेजारच्या जिल्ह्यांत पेट्रोलच्या किमती वेगळ्या असतात. वाहतूक खर्च हे त्याचे प्रमुख कारण आहे.

जबलपूर जिल्ह्यात भिटोनी येथे तेल कंपन्यांचा साठवणूक डेपो आहे. डेपोतून टँकरद्वारे पंपांना इंधन पुरवले जाते. अंतर वाढते तसे भाडे वाढते आणि ते विक्रीदरात मिळवले जाते. अनूपपूर जिल्ह्याला सुमारे 250 किलोमीटरवरील जबलपूरहून पुरवठा होत असे. तेथे पेट्रोलने लिटरमागे 100 रुपयांचा टप्पा फेब्रुवारी 2021 मध्ये ओलांडला. राजधानी भोपाळमध्ये तो मे महिन्यात ओलांडला गेला. डेपोपासून दूर राहणाऱ्या ग्राहकांवर असा अधिक भार पडतो.

काही ठिकाणी फरकाला करही कारणीभूत ठरतो. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्रांत पेट्रोलवर 26 टक्के, तर उर्वरित राज्यात 25 टक्के कर होता. जुलै 2024 पासून तो सर्वत्र 25 टक्के करण्यात आला.

दुर्गम भागांतील दर कमी व्हावेत, यासाठी ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी काही राज्यांतर्गत वाहतूक आकाराची फेररचना जाहीर केली.